कार्बाइडचा डबा कुठल्या बाजूला?

कॉलेजच्या रसायन विभागात काकूंना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. बावीस वर्षं त्या विभागाचं स्टोअर सांभाळत होत्या आणि विद्यार्थ्यांपासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांच्या त्या काकूच. स्टोअर म्हणजे प्रयोगशाळेला लागून असलेली लांबट खोली. दोन्ही भिंतींना लोखंडी रॅक, मधे जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट, टोकाला डाव्या हाताला बेसिन आणि त्याच्या वर आतली हवा बाहेर फेकणारा पंखा. सहाशे चाळीस बाटल्या. त्यातली कुठलीही मागा, काकू बोलता बोलता हात घालायच्या आणि नेमकी तीच काढून द्यायच्या.

काकूंचं शिक्षण शाळेपुरतं. रसायनातलं जे काही त्यांना येत होतं ते त्यांच्या आधीच्या भांडारपालाने शिकवलेलं. हा म्हातारा खडूस होता, पण शिकवण्यात हात आखडता घेणारा नव्हता. "नावं पाठ करत बसू नको. कुणाचं कुणाशी पटत नाही तेवढं डोक्यात ठेव," असं तो सांगायचा. एकदा त्याने मागच्या अंगणात बशीत पाणी घेतलं आणि त्यात कार्बाइडचा सुपारीएवढा खडा टाकला. खडा मांजरासारखा फिसकारला, बुडबुडे आले. म्हाताऱ्याने लांब काडीला पेटता बोळा लावून पुढे केला मात्र, भपकन ज्वाळा उठली आणि काळ्या काजळीचे तंतू हवेत तरंगायला लागले. काकू दोन पावलं मागे सरकल्या. त्या दिवसापासून कार्बाइडचा वीस किलोचा डबा बेसिनपासून सगळ्यात लांबच्या कपाटात, कोरड्यात. विभागप्रमुख तीन बदलले, डबा हलला नाही.

चौथे विभागप्रमुख आले तेव्हा तपासणी समिती येण्याला अकरा दिवस होते. सर तरुण, हुशार, आणि सतत घाईत. माणूस वाईट नव्हता, पण अकरा दिवसांत सगळा विभाग आरशासारखा लखलखीत करायचा असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. स्टोअरमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"काकू, हे कुठल्या पद्धतीने लावलंय?"

"माझ्या पद्धतीने सर. ज्यांचं जमत नाही ते लांब लांब."

"समितीला असं सांगून चालणार नाही. डावीकडे सेंद्रिय, उजवीकडे असेंद्रिय. सेंद्रियला हिरवी चिठ्ठी, असेंद्रियला पांढरी. प्रत्येक बाजू अक्षरांच्या क्रमाने."

"सेंद्रिय कुठलं आणि असेंद्रिय कुठलं, मला कसं कळणार?"

"सोपं आहे. रेणूत कार्बन असेल तर सेंद्रिय, नसेल तर असेंद्रिय. मी यादी काढून देतो."

यादी आली. काकूंनी आणि प्रयोगशाळेतल्या अटेंडंटने, ज्याला सगळे दादा म्हणत, तीन दिवस बाटल्या पुसल्या, उचलल्या, चिठ्ठ्या डकवल्या. चौथ्या दिवशी ज्येष्ठ मॅडम धुण्याचा सोडा घ्यायला आल्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या या मॅडम बोलायला गोड, पण विषयात कुणी चूक केली की त्यांचा तोल सुटायचा. सोड्याच्या बरणीवरची हिरवी चिठ्ठी पाहून त्या जागच्या जागी थांबल्या.

"अगं, सोड्याला सेंद्रिय कुणी केलं?"

"सरांच्या यादीत आहे."

"मग फळ्यावरचा खडूही सेंद्रिय म्हण! त्यातही कार्बन आहे. संगमरवराची फरशी सेंद्रिय, सोडावॉटरमधला वायू सेंद्रिय!" मॅडमनी नखाने चिठ्ठी खरवडून काढली. "सेंद्रिय व्हायला कार्बनला हायड्रोजन जोडलेला लागतो. नुसत्या कार्बनने काय होतंय?"

तेवढ्यात सर दारात उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मॅडम, तुमचा नियम लावू या. ती युरियाची बाटली बघा. युरियात कार्बनला हायड्रोजन जोडलेला आहे का?"

मॅडम बाटलीकडे वळल्या.

"नाही ना? हायड्रोजन आहे, पण तो नायट्रोजनला जोडलेला. म्हणजे तुमच्या हिशेबाने युरिया बाहेर. ज्या युरियापासून या शाखेचा इतिहास शिकवायला सुरुवात करतो, तोच बाहेर!"

"युरियाचं वेगळं आहे."

"व्याख्येत 'वेगळं आहे' चालत नाही. उद्या ऑक्झॅलिक ॲसिड वेगळं, परवा कार्बन टेट्राक्लोराइड वेगळं. मग नियम कसला राहिला?"

"आणि तुमच्या नियमाने चुनखडी सेंद्रिय होते, ते चालतं?" मॅडमचा आवाज चढला. "तीस वर्षं शिकवतेय मी. समितीतला माणूस हसेल तोंडावर!"

काकू दोघांच्या मधे, हातात डिंकाची बाटली धरून उभ्या होत्या. मागे सरकायला जागा नव्हती, रॅक पाठीला टोचत होता. दोघंही त्यांच्या डोक्यावरून एकमेकांशी भांडत होते आणि प्रयोगशाळेतली मुलं दारात गोळा होऊन कान टवकारून ऐकत होती.

पुढचे चार दिवस काकूंचे हालच झाले. सकाळी सर यायचे, सांगायचे, "हे डावीकडे." दुपारी मॅडम यायच्या, म्हणायच्या, "हे उजवीकडे, मी सांगते म्हणून." सोडा तीनदा इकडून तिकडे गेला. युरियावर हिरवी चिठ्ठी, तिच्यावर पांढरी, तिच्यावर परत हिरवी अशी पुटं चढली. सगळ्यात वाईट म्हणजे बावीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी बाटली मागितली की काकूंचा हात चुकीच्या जागी जायला लागला. एकदा स्पिरिटऐवजी हातात नायट्रिक ॲसिड आलं. त्यांनी बाटली जपून खाली ठेवली आणि पाच मिनिटं स्टुलावर नुसत्या बसून राहिल्या.

घरी नवऱ्याला त्यांनी सगळं सांगितलं. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. शब्दाचं नाव निघालं की जेवता जेवता उठून कोश काढणारा माणूस.

"सेंद्रिय," तो पानं उलटत म्हणाला. "स अधिक इंद्रिय. इंद्रियांसकट असलेलं. म्हणजे जिवंत."

"स्पिरिटला नाक-कान असतात?"

"पूर्वी असं मानायचे की असले पदार्थ जिवंत शरीरातच तयार होतात. पुढे ती समजूत गेली, शब्द राहिला. हल्ली काही जण 'कार्बनी' लिहितात. आमच्याकडे एका पुस्तकात दोन्ही शब्द आले होते, दोन लेखकांचे दोन. आठवडाभर हमरीतुमरी चालली होती."

"मग कोण जिंकलं?"

"कुणी नाही. छपाईची तारीख आली."

"अहो, कोश ठेवा आणि जेवा. मला उद्या डबे कुठे ठेवायचे ते सांगणारं कुणी नाही, आणि तुम्ही इंद्रियं मोजताय."

तो हसला. काकूंना हसू आलं नाही. त्या संध्याकाळी निघताना सरांनी शेवटची यादी हातात दिली होती, सही-शिक्क्यासह. 'या यादीत आता बदल होणार नाही' असं खाली लिहिलेलं. आणि यादीत डाव्या बाजूला, सेंद्रियमध्ये, कॅल्शियम कार्बाइड होतं.

डावी बाजू म्हणजे बेसिनची बाजू. डबा अवजड, फळीवर मावणारा नव्हता. तो खाली जमिनीवर येणार, बेसिनपासून दीड हातावर. आणि त्याच्या वरच्या फळ्यांवर इथर, ॲसिटोन, स्पिरिट.

दुसऱ्या दिवशी काकू सरांच्या केबिनमध्ये गेल्या. सर दोन फोनवर एकदमच बोलत होते. फोन खाली ठेवायची वाट बघत त्या दहा मिनिटं उभ्या राहिल्या.

"सर, तो कार्बाइडचा डबा पाण्याजवळ नको."

"डबा बंद आहे ना?"

"बंद आहे, पण तळ जुना झालाय. गंज आहे."

"काकू, थोड्याच दिवसांचा प्रश्न. समिती येऊन गेली की तुम्ही म्हणाल तिथे ठेवू. आता एका डब्यासाठी यादी बदलली तर मॅडम परत सगळं उकरून काढतील. तुम्ही बघताय ना?"

काकूंनी ते रोजच बघितलं होतं. त्या तिथून तडक मॅडमकडे गेल्या. त्यांना वाटलं, इथे तरी कुणी ऐकेल. मॅडमचे डोळे चमकले.

"कार्बाइड? ते सेंद्रिय नाहीच मुळी! बघ, हे मी प्राचार्यांना लिहितेच. बरं झालं तू सांगितलंस."

"मॅडम, सेंद्रिय असो की नसो. ते बेसिनजवळ—"

"हो हो, तेही आलंच त्यात." आणि मॅडम लिहायला बसल्यासुद्धा.

त्यांनी प्राचार्यांना दोन पानी पत्र दिलं. त्यात कार्बन-हायड्रोजन बंध होता, जुन्या-नव्या पाठ्यपुस्तकांचे दाखले होते. पाण्याचा शब्द नव्हता. काकूंना हे नंतर कळलं. त्या दिवशी त्यांनी एवढंच केलं की दादाला हाताशी घेऊन डबा डावीकडे नेला, खाली दोन विटा सरकवून त्यांवर ठेवला आणि 'यादीप्रमाणे मांडणी पूर्ण' या ओळीखाली सही केली. सही करताना पेन दोनदा अडलं.

समिती परवावर आली. त्या संध्याकाळी काकू घरी गेल्यावर सरांनी सफाईची माणसं लावली, जादाची चावी देऊन स्टोअर उघडून घेतलं आणि नळी लावून फरशी धुवून काढली. धुणाऱ्यांना विटा आडव्या आल्या. त्यांनी त्या काढून बाहेर ठेवल्या, डबा ओल्या फरशीवर टेकवला, दार लावलं आणि चावी परत केली. कुणाच्याही मनात काही वाईट नव्हतं.

सकाळी आठला काकूंनी कुलूप उघडलं. दार वीतभर उघडलं आणि वास आला. कुजलेल्या लसणासारखा, नाकात रुतणारा. बावीस वर्षांत तो वास इतका दाट त्यांनी कधीच घेतला नव्हता, पण ओळखायला क्षणही लागला नाही. आतून, बेसिनच्या बाजूने, बारीक फिस्स फिस्स ऐकू येत होतं.

"कसला घाण वास!" मागून आलेल्या दादाने दारातून आत हात घातला. पंख्याचं बटण तिथेच होतं.

काकूंनी त्याच्या हातावर असा फटका मारला की तो कळवळला.

"बटणाला हात लावू नको! एक ठिणगी पुरे. धाव, जिन्याखालचा मेन स्विच पाड. बाहेरचा. आणि पाण्याच्या टाकीचा कॉक बंद कर!"

दादा धावला. काकूंनी दार सताड उघडलं, व्हरांड्याचं अंगणाकडचं दारही उघडलं. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, आठची प्रॅक्टिकल. भिंतीपलीकडे तीस मुलं, तीस बर्नर.

त्यांनी पळायचं कधीच सोडून दिलं होतं. गुडघे साथ देत नसत. त्या दिवशी त्या पळाल्या. प्रयोगशाळेच्या दारात पोचल्या तेव्हा पहिल्या टेबलापाशी एका मुलीच्या हातात काडी होती आणि काडेपेटी उघडी होती.

"पेटवू नको!"

आवाज असा काही निघाला की मुलीच्या हातून काडेपेटीच गळून पडली. "कुणीही काही पेटवायचं नाही. गॅसचे कॉक बंद. दप्तरं राहू द्या. बाहेर, सगळे मैदानात, चला!" मुलं हसत-हसत उठायला लागली, मग काकूंचं तोंड पाहून हसू मावळलं. काकू शेवटचं पोर बाहेर पडेपर्यंत उभ्या राहिल्या, मग गॅसची मुख्य तोटी स्वतः फिरवून निघाल्या.

सर व्हरांड्यात भेटले. वास त्यांनाही आला होता. क्षणभरात काय ते समजून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी डबा बाहेर ओढतो," म्हणत ते निघाले. काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या. स्टोअरच्या अरुंद दारात त्या उभ्या राहिल्या की दुसऱ्याला वाट उरत नसे.

"लोखंडी डबा फरशीवर घासायचा नाही. खिशातला फोन चालू आहे तुमचा. आत जाऊ नका."

"काकू, बाजूला व्हा. वर इथर आहे!"

"माहितेय मला. मीच ठेवलंय तिथे." त्या हलल्या नाहीत. "अग्निशमनला बोलवा. मैदानात जाऊन फोन करा, इथून नको."

 सर वळून पळत मैदानाकडे गेले.

अग्निशमनचे जवान आले, खोली मोकळी होईस्तोवर थांबले, मग कोरडी वाळू टाकत आत शिरले आणि डबा उचलून मागच्या अंगणात नेला. दोन तास गेले. सगळे मैदानात उभे. कुणाला ओरखडाही आला नव्हता. मॅडम काकूंच्या शेजारी येऊन थांबल्या होत्या.  सरांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "डब्यातलं ते काय होतं यावर आपण भांडलो. त्यातून जे निघतंय, ते ॲसिटिलीन, कार्बन आणि त्याला जोडलेला हायड्रोजन. ते तुमच्याही व्याख्येत बसतं आणि माझ्याही." 

समितीचा दौरा महिनाभर पुढे ढकलला गेला. आणि चौथ्या दिवशी काकूंना कारणे दाखवा नोटीस मिळाली. मांडणी पूर्ण झाल्याच्या कागदावर सही त्यांचीच होती. धोकादायक पदार्थ पाण्याजवळ का ठेवला, सात दिवसांत खुलासा करा.

काकूंनी नोटीस चारदा वाचली. घरी नवऱ्याला दाखवली तेव्हा तो भडकला. त्याने कागद ओढला, "मी लिहून देतो, असं लिहितो की—"

"नको. मला लिहू दे. तुम्ही फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा."

दोन रात्री झोप नाही. नोकरी गेली तर काय, हा विचार होताच. पण त्याहून जास्त डोळ्यांपुढे येत होती ती काडेपेटी. शेवटी त्यांनी अर्ध्या पानाचा खुलासा लिहिला. डबा तिथे नको असं मी सरांना तोंडी सांगितलं होतं, मॅडमनाही सांगितलं होतं. दोघांनी ऐकलं नाही. पण मी लेखी दिलं नाही, आणि मला पटत नसताना सही केली. ती चूक माझी आहे.

सर दोन दिवस काकूंच्या समोर आले नाहीत. काकूंनी ठरवलं, हा माणूस हात झटकणार. विभागातही तीच कुजबुज होती. तिसऱ्या दिवशी सर थेट प्राचार्यांकडे गेले आणि आदेश माझा होता, चावी मी दिली, धुवून मी घेतलं, असं लिहून देऊन आले. त्यानंतर स्टोअरमध्ये आले. दारात उभे राहिले, आत यायला जणू परवानगी हवी होती.

"मी उशीर केला," ते म्हणाले. "प्राचार्यांना द्यायचा कागद दोन दिवस खिशात घेऊन फिरत होतो. भीती वाटली."

"मलाही वाटली होती सर."

"आता सगळं तुमच्या पद्धतीने लावा. मी लिहून घेतो. कशापासून काय लांब, ते सांगा."

सरांनी वही उघडली आणि काकू सांगत गेल्या. दुपार संपेपर्यंत चाललं. मधेच मॅडम आल्या, एका ठिकाणी चूक काढली, ती सरांनी मान्य केली. सोडा सेंद्रिय की नाही यावर दोघांचं मात्र शेवटपर्यंत जमलं नाही. वार्षिक परीक्षेत त्या प्रश्नाला दोघं वेगवेगळे गुण देत राहिले आणि मुलांना ते ठाऊक होतं. पेपर कुणाकडे जाणार हे आधी विचारून मगच उत्तर पाठ करायची.

प्राचार्यांनी तरीही काकूंना समज दिलीच. सेवापुस्तकात एक ओळ चढली. सर म्हणाले, ती ओळ काढून घ्यायला मी भांडतो. काकू म्हणाल्या, राहू द्या, त्यापेक्षा दुसरं करून द्या. भांडारपालाला एखादी मांडणी धोक्याची वाटली तर त्याने लेखी नकार द्यावा, आणि नकार असेपर्यंत ती मांडणी कुणी करू नये, एवढा आदेश काढा.

आदेश निघायला पाच महिने लागले. फायली फिरल्या, कुणी म्हणालं भांडारपाल प्राध्यापकांना नाही म्हणणार म्हणजे काय. मॅडमनी त्यासाठी दोन पानांचं पत्र लिहिलं आणि या वेळी देण्याआधी काकूंना वाचून दाखवलं.

आदेश निघाल्यावर तिसऱ्याच आठवड्यात खुद्द मॅडमनाच इथरच्या चार बाटल्या आपल्या केबिनमध्ये, खिडकीत, ठेवायच्या होत्या. रोज स्टोअरपर्यंत चालणं त्यांच्या पायांना जड जात होतं. काकूंना त्यांची दया आली. त्यांनी टेबलावर कागद घेतला, 'खिडकीत ऊन येतं, सबब नकार' असं लिहिलं, तारीख घातली, सही केली आणि स्वतः नेऊन मॅडमच्या हातात दिला.

मॅडमनी वाचला. चष्मा काढला, पुसला, परत लावून वाचला.

"'सबब' शब्द कुठून आणलास?"

"घरून," काकू म्हणाल्या. "बाटली हवी असेल तेव्हा फोन करा. मी आणून देईन."